शेवटच्या बाकावरचा कादर खान

(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधी एक कबुली देते. संयोजकांनी मला वेगळा विषय दिला होता. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर नव्या तंत्रज्ञानावर वीस मिनिटं बोल," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बासुंदीपुरीच्या जेवणानंतर तंत्रज्ञान सांगितलं तर निम्मी तुकडी झोपेल आणि उरलेली निम्मी मुलांच्या नोकऱ्यांचं विचारायला लागेल. त्यापेक्षा मी कादर खानवर बोलते. फोनवर पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, "म्हणजे, सिनेमातला?"

होय, सिनेमातलाच. तोच तो, गोविंदाच्या सिनेमातला होणारा सासरा. आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९९५ साली, 'कुली नं. १' आला. त्यातला होशियारचंद आठवतोय ना? आपल्यातल्या किती जणांनी घरी "मैत्रिणीकडे नोट्स आणायला जाते" असं सांगून तो बघितला, ते आज सर-बाईंच्या समोर विचारत नाही. तीस वर्षं झाली असली तरी बाई कान धरू शकतात, याची मला खात्री आहे.

पण कादर खान मला पहिल्यांदा भेटले ते टॉकीजमध्ये नाही, आठवी 'ब'च्या वर्गात. ऑफ तास असला की शेवटच्या बाकावरचा आपला एक मित्र उठायचा, शर्टाची कॉलर वर करायचा, चष्मा नसताना चष्मा सावरायचा आणि कादर खान होऊन बोलायला लागायचा. सिनेमातलं जसंच्या तसं नव्हे हं. आपल्याच शाळेतलं, आपल्याच गावातलं, पण कादर खानच्या ठेक्यात. गणिताचे सर उधारीवर सूत कसं घेतील, हेडसर हॉटेल चालवत असते तर भज्यांचा हिशेब कसा मागतील, असं काय काय. मॉनिटर म्हणून फळ्यावर नावं लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी त्याचं नाव लिहायचे आणि लिहिता लिहिता हसत असायचे. आज त्याचं नाव घेणार नाही. का, ते शेवटी सांगते.

आता थोडं खऱ्या कादर खानबद्दल. आपण त्यांना विनोदी नट म्हणून ओळखतो, पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, नाव होण्यापूर्वीचं. यातलं बरंचसं त्यांनी स्वतः मुलाखतींमधून सांगितलेलं आहे. माणूस गोष्टीवेल्हाळ होता, तेव्हा थोडी फोडणी गृहीत धरा. सिनेमे आणि सालं मात्र पडताळून घेतली आहेत. टेस्टिंग केल्याशिवाय काही पुढे पाठवायचं नाही, ही सवय आता हाडीमाशी मुरली आहे.

१९३७ साली त्यांचा जन्म काबूलमध्ये झाला. त्यांच्या आधीचे तीन भाऊ लहानपणीच गेले. ही जागा आपल्या मुलांना लाभत नाही असं आईने घेतलं, आणि कुटुंब मुंबईला आलं. आलं ते कामाठीपुऱ्यात. पुढे आई-वडील वेगळे झाले, घरात सावत्र वडील आले आणि हलाखी तर पाचवीला पुजलेलीच होती. आजूबाजूची पोरं कारखान्यांत, वर्कशॉपांत जाऊन दिवसाचे चार पैसे आणायची. एके दिवशी हाही त्यांच्याबरोबर निघाला. आईने मागून खांद्यावर हात ठेवला. ती काय म्हणाली ते कादर खान म्हातारपणीही डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. आज तू जे पैसे आणशील ते आयुष्यभर तेवढेच राहतील, असं ती म्हणाली. ही गरिबी जायला हवी असेल तर एकच रस्ता आहे, तू शिक. पोरगा मागे फिरला.

दुसरी गोष्ट कबरस्तानातली. आई त्याला नमाजाला पाठवायची. हा तिथून निसटून कबरस्तानात जाऊन बसायचा. दिवसभरात जे ऐकलं, जे वाचलं आणि आवडलं, ते तिथे दोन कबरींच्या मध्ये बसून मोठ्याने म्हणायचा. घरात जागा नाही, रस्त्यावर म्हटलं तर लोक हसणार. तिथे ऐकणारे सगळे शांत! एका रात्री तोंडावर टॉर्चचा उजेड पडला. टॉर्च धरणाऱ्याने विचारलं, इथे काय करतोस? हा म्हणाला, दिवसा चांगलं काही वाचतो आणि रात्री इथे येऊन म्हणतो. तो माणूस होता अश्रफ खान, नाटक-सिनेमातला जुना नट. त्याला एका नाटकासाठी असा मुलगा हवाच होता. कादर खान पहिल्यांदा रंगमंचावर गेले ते असे.

१९७८ साली 'मुकद्दर का सिकंदर' आला, तेव्हा त्यात कबरस्तानात रडणारा एक पोरगा आणि त्याला जगण्याचा उपदेश करणारा एक फकीर असा प्रसंग होता. संवाद कादर खान यांचे, आणि फकिराच्या भूमिकेतही तेच. लहानपणी ज्या जागेवर कुणीतरी आपल्याला गाठलं, त्या जागेवर हा माणूस मोठेपणी दुसऱ्या पोराला गाठायला उभा राहिला. हे कळल्यावर मी तो सिनेमा पुन्हा लावला. मुलगी म्हणाली, "आई, तू रडतेस का? अजून तर सुरुवातच आहे."

तर पोरगा शिकला. जोगेश्वरीच्या इस्माईल युसूफ कॉलेजात गेला, पुढे सिव्हिल इंजिनिअर झाला. १९७० ते १९७५ या काळात कादर खान भायखळ्याच्या साबू सिद्दिक इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवत होते. हे मला कळलं तेव्हा मी स्वतः इंजिनिअर होऊन वीस वर्षं झाली होती. ऑफिसमध्ये मी हे शेजारच्या मुलाला सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. त्याने शोधून बघितलं आणि म्हणाला, "मॅम, मला स्ट्रक्चर्स शिकवायला असे सर असते तर मी बॅकलॉगशिवाय सुटलो असतो."

दिवसा शिकवायचं आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहायची, बसवायची, त्यात काम करायचं, असा त्यांचा क्रम होता. त्यांचं 'लोकल ट्रेन' हे नाटक एका स्पर्धेत उतरलं. परीक्षकांत लेखक राजिंदर सिंग बेदी, त्यांचे दिग्दर्शक चिरंजीव नरिंदर बेदी आणि अभिनेत्री कामिनी कौशल अशी मंडळी होती. बक्षिसं बहुतेक सगळी यांच्याच पदरात पडली आणि वर रोख १५०० रुपये. एवढे पैसे हातात एकदम कधी आलेच नव्हते, असं ते सांगत. बक्षिसापेक्षा मोठं काम पुढे झालं. नरिंदर बेदी तेव्हा 'जवानी दिवानी' करत होते. त्यांनी या प्राध्यापकाला विचारलं, संवाद लिहिणार का?

पुढचा प्रसंग माझ्या फार आवडीचा आहे. त्यांना बोलावून कथा ऐकवली आणि संवाद लिहून आणा म्हणून सांगितलं. घरी जाऊन परत यायचं तर वेळ मोडणार. हे गेले चर्चगेटजवळच्या क्रॉस मैदानात. पोरं फुटबॉल खेळत होती. त्या गलक्यात, चेंडू चुकवत, त्यांनी तीन-चार तासांत संवाद लिहून काढले आणि त्याच दिवशी नेऊन दिले. मानधन मिळालं १५०० रुपये. १९७२ साली 'जवानी दिवानी' आला आणि चालला.

आम्ही कुठलंही काम घ्यायच्या आधी ते किती तासांचं आहे यावर दोन दिवस बैठका घेतो, त्यामुळे या चार तासांचा मला आधी हेवा वाटला. मग लक्षात आलं की ते चार तास नव्हतेच. कबरस्तानातल्या रात्री धरल्या तर पंचवीस वर्षं होती. क्रॉस मैदानावर त्यांनी नुसतं ते कागदावर उतरवलं. शिवाय मागे वर्गातली तालीम होतीच. सिव्हिलचा तास, दुपारची वेळ, पोरं पेंगुळलेली. तिथे शेवटच्या बाकावरच्या पोराला जागं ठेवायचं तर वाक्य छोटं हवं, सरळ हवं आणि शेवटी कुठेतरी एक गंमत हवी. सिनेमातल्या पिटाच्या प्रेक्षकालाही नेमकं तेच लागतं. मला वाटतं, लेखक कादर खान हा मास्तर कादर खानचाच विद्यार्थी होता. इथे बसलेल्या सर-बाईंना हे पटेल. तुमच्यातल्या प्रत्येकाकडे अशी वाक्यं होती, आणि ती आम्ही अजून आपापल्या पोरांवर वापरतो.

कॉलेजच्या कार्यक्रमांसाठीही ते नाटकं करत. त्यांच्या 'ताश के पत्ते' या नाटकाची ख्याती थेट दिलीपकुमारांच्या कानावर गेली आणि त्यांनी बघायची इच्छा सांगितली. आता दिलीपकुमार येणार म्हटल्यावर आपण काय केलं असतं? गेटपासून फुलं अंथरली असती. या मास्तरांनी अटी घातल्या! पडदा उघडायच्या आधी यायचं आणि शेवटपर्यंत बसायचं. दिलीपकुमार वेळेवर आले, शेवटपर्यंत बसले, आणि 'सगीना' आणि 'बैराग' या दोन सिनेमांत त्यांना घेतलं. 'सगीना' आला १९७४ साली आणि 'बैराग' १९७६ साली. त्याआधी १९७३च्या 'दाग'मध्ये कादर खान छोट्याशा भूमिकेत वकील म्हणून उभे राहिले होते. नट म्हणून पडद्यावर ते तिथे पहिल्यांदा दिसले.

मग आले मनमोहन देसाई. त्यांचा 'रोटी' तयार होत होता, आणि त्यांना शायरीवाल्या, जड उर्दू लिहिणाऱ्या लेखकांचा कंटाळा आला होता. त्यांनी स्पष्टच सांगितलं, मला टाळ्या घेणारं बोलणं पाहिजे. नाही आवडलं तर फाडून गटारात टाकीन. कादर खान लिहून घेऊन गेले. देसाई गल्लीत पोरांबरोबर क्रिकेट खेळत होते. यांना लांबून बघून ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. यांनी जवळ जाऊन सांगितलं, तुम्ही मला आत्ता शिवी दिलीत, आणि कोणती तेही सांगितलं. ओठांवरून बोलणं ओळखायची कला यांच्याकडे होती. ही युक्ती पुढे देसाईंच्या 'नसीब'मध्ये वापरली गेली, असं ते सांगत. तर वाचन झालं. देसाईंनी पुन्हा पुन्हा वाचायला लावलं, उठून आत गेले, आणि घरातला टीव्ही आणि सोन्याचं ब्रेसलेट आणून समोर ठेवलं. 'रोटी'चं मानधन ठरलं एक लाख एकवीस हजार रुपये. १५०० वरून दोनच वर्षांत इथवर. आमच्या कंपनीत वार्षिक वाढीच्या पत्रात आठ टक्के बघून आम्ही पेढे वाटतो, हे जाता जाता सांगते.

१९७५ साली 'खेल खेल में' आणि 'रफू चक्कर' आले. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला. त्यातली अँथनीची भाषा आठवा. ती पुस्तकातली हिंदी नाही, ती मुंबईच्या गल्लीतली आहे. काबूलमध्ये जन्मलेल्या, कामाठीपुऱ्यात वाढलेल्या माणसाने ती गल्लीबोळांत कानांनी गोळा केली होती. ज्या वस्तीतून बाहेर पडायला आईने शिकायला लावलं, त्याच वस्तीने दिलेली भाषा पुढे त्यांना जेवू घालत राहिली. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आपण शिकलो की पहिल्यांदा आपली बोली झाकतो. मी सांगलीला इंजिनिअरिंगला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात "व्हय" म्हणायचं बंद केलं होतं. पुण्यात नोकरी लागल्यावर उरलंसुरलंही गेलं. माझ्यातली इचलकरंजी आता फक्त राग आल्यावर बाहेर येते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे.

आता वयाचा हिशेब करू, कारण आज आपण सगळे तो मनातल्या मनात करतोच आहोत. 'जवानी दिवानी' आला तेव्हा कादर खान पस्तिशीला टेकले होते. पुढची दहा वर्षं ते पडद्यावर बहुतेक खलनायक होते. त्यांचा मुलगा एकदा शाळेतून मारामारी करून आला. पोरं त्याला चिडवायची, तुझा बाप सिनेमात वाईट कामं करतो आणि शेवटी मार खातो. तेव्हा त्यांनी ठरवलं, आता हे पुरे. १९८३च्या 'हिम्मतवाला'मध्ये अमजद खान खलनायक होते आणि कादर खान त्यांचे मुनीम. लोक हसून लोळले. आपण ओळखतो तो विनोदी कादर खान तिथून सुरू झाला. तेव्हा त्यांचं वय होतं पंचेचाळीस.

म्हणजे आपलं आजचं! आता काय, आपलं सगळं होऊन गेलं, गुडघे कुरकुरायला लागले, असं कुणी म्हणत असेल तर त्यांनी हा आकडा लिहून घ्यावा.

टाळ्या वाजवलात, छान वाटलं. पण भाषण इथे संपवलं तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. अर्धं सांगायची चूक मी आधीच एकदा केली आहे.

आपल्या मेळाव्याची यादी मी केली. तुम्हाला आठवत असेल, ग्रुपवर मी मोठ्या रुबाबात टाकलं होतं, "शंभर टक्के बॅच सापडली." दहावीचं निकालपत्रक घेतलं, नावं भरली, एकेक फोन नंबर शोधला, शेवटचा नंबर मिळाला त्या दिवशी मी स्वतःला चहा पाजला. दिवाळीला गावी आले होते. भाजी घेताना मागून आवाज आला, "वळखलं न्हाईस व्हय गं?" वळून बघितलं आणि चष्मा नसताना सावरलेला चष्मा दिसला. आठवी 'ब'चा कादर खान.

आम्ही तिथेच उभ्या उभ्या बोललो. तो आता जॉबर आहे, माग दुरुस्त करतो. जुने साधे मागही आणि नवे बिनधोट्याचेही. मी म्हटलं, "स्नेहमेळाव्याला येणार ना?" तो म्हणाला, "मी कसा येणार? मी दहावीत कुठं होतो?"

नववीच्या सहामाहीनंतर तो शाळेत आलाच नव्हता. वडील आजारी पडले, पाठच्या दोन बहिणी, आणि हा मागावर गेला, आधी कांड्या भरायला. हे त्याने मला तीस वर्षांनी, भाजीच्या गाड्याजवळ सांगितलं. तोवर मला माहीतच नव्हतं. मी मॉनिटर होते, रोज हजेरी बाईंकडे नेऊन देत होते. फळ्यावर नाव लिहायला कुणी उरलं नाही, हे सुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं. सहामाहीचा निकाल, वर्गातला नंबर, यातच मी होते.

त्या रात्री मी शाळेच्या जुन्या फोटोंवरून मोजलं. आठवीच्या फोटोत आपल्या वर्गात एकसष्ट जण आहेत. दहावीच्या फोटोत अठ्ठेचाळीस. काही जण बदली होऊन गेले असतील, काही जण मागे राहिले असतील. पण माझ्या 'शंभर टक्के' यादीत ते तेराही जण नव्हते, कारण मी यादीच अशा ठिकाणाहून सुरू केली होती जिथे पोचलेलेच मोजले जातात. हीच चूक ज्युनिअर मुलांनी केली तर मी त्यांना तासभर सुनावते.

तेव्हापासून कादर खानची गोष्ट मी जरा वेगळी वाचायला लागले. आधी मला त्यात एकट्या माणसाची जिद्द दिसायची. जिद्द होतीच, तिला कमी लेखत नाही. पण बघा, प्रत्येक वळणावर कुणीतरी थांबून त्याचं ऐकलंय. कारखान्याकडे निघालेल्या पोराच्या खांद्यावर आईने हात ठेवला. कबरस्तानातून आवाज आला म्हणून अश्रफ खान टॉर्च घेऊन आत गेला. तो पुढे निघून गेला असता तर त्याला कोण नावं ठेवणार होतं? परीक्षक बक्षीस देऊन घरी गेले नाहीत, त्यांनी काम दिलं. दिलीपकुमार अटी मान्य करून शेवटच्या अंकापर्यंत बसले. आणि कामाठीपुऱ्यातली बाकीची पोरं, जी त्या सकाळी कारखान्यात गेली, त्यांच्यातलं कुणी रात्री कुठे बसून काय म्हणायचं, ते आपल्याला कधीच कळणार नाही. त्यांची मुलाखत कुणी घेतली नाही.

आणि आईचंही नीट ऐकू या. "शिक" असं नुसतं म्हणून कुणी शिकत नाही. त्या घरात ते चार पैसे आले नाहीत, म्हणजे कुणीतरी त्या दिवशी कमी जेवलं. आपल्या मित्राच्या आईनेही "शिक" म्हटलं असेल, पण घरात आजारी माणूस होता. माय-बापांना दोष द्यायला मी इथे उभी नाही. मी फक्त एवढंच म्हणते, की आमच्या वर्गात एक आवाज होता, एकसष्ट पोरं तो रोज ऐकून हसत होती, आणि तो बंद झाला तेव्हा आमच्यातलं कुणी टॉर्च घेऊन गेलं नाही. आम्ही चौदा वर्षांचे होतो, हे खरं. आता पंचेचाळीसचे आहोत.

म्हणून दोन गोष्टी मागते.

पहिली, ही स्मरणिका छापायला जाईल तेव्हा तिच्या शेवटी जी नावपत्त्यांची यादी असेल, ती पाचवीच्या पटापासून धरायची. कुणी सातवीत गेलं, कुणी नववीत गेलं, तरी ते आपल्याच तुकडीचं. तेरापैकी आठ जण मला आतापर्यंत सापडले आहेत. त्यात तीन मुली आहेत, नववीच्या सुट्टीत त्यांची लग्नं झाली होती. उरलेल्या पाचांसाठी तुमची मदत हवी. तुमच्या गल्लीत, सासरी, कारखान्यात कुणी असेल तर सांगा.

दुसरी, आपण निधी जमवलाय तो कमानीसाठी. कमान देखणी होईल, त्यावर आपलं नावही येईल. माझा कमानीला विरोध नाही. पण त्यातला निम्मा भाग वेगळा ठेवू या आणि दर सहामाहीनंतर शाळेत येऊन वर्गशिक्षकांना एकच प्रश्न विचारू या, की पटावर आहे पण वर्गात नाही असं कोण आहे? मग त्या घरी जाऊ. पैसे लागले तर पैसे, नाहीतर नुसती विचारपूस. बाईंशी मी बोलले आहे. बाई म्हणाल्या, "मी निवृत्त झाले तरी गल्ल्या अजून पाठ आहेत. मी येते बरोबर." गावातल्यांनी फेरी घ्यायची, पुण्या-मुंबईच्यांनी आणि परदेशातल्यांनी खर्च उचलायचा. मी पहिल्या वर्षाचा माझा वाटा आजच खजिनदारांकडे दिलाय, पावती घेतली आहे.

कादर खान २०१८च्या ३१ डिसेंबरला टोरांटोत गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तीनशेहून जास्त सिनेमांत काम केलेल्या या माणसाला अखेरपर्यंत आठवत राहिला तो आईचा खांद्यावरचा हात.

आणि आता नावाचं. आपला मित्र आज आला आहे. सकाळची पाळी बदलून घेऊन आला आहे आणि सवयीप्रमाणे शेवटच्या रांगेत बसला आहे. "गोष्ट सांग, पण नाव घेऊ नगंस, सगळी मागं वळून बघतील," अशी त्याची अट आहे. म्हणून कुणी मागे वळू नका.

ही दोनशे माणसं वळलीच! माफ कर रे. आता उठलाच आहेस तर ये पुढे, माईक मोकळा आहे. समोर गणिताचे सर बसले आहेत. त्यांनी उधारीवर सूत कसं घ्यायचं, ते त्यांनी अजून ऐकलेलं नाही.